सुईणीचा परवाना आणि सुईणींचा संघ

काही दिवसांपूर्वी नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील गृहस्थ मजकडे जातीच्या दाखल्याविषयी सल्ला घेण्यास आले होते. त्यांच्या कन्येस परिचर्या व प्रसाविका अभ्यासक्रमास प्रवेश मिळण्याजोगे गुण होते. कागदपत्रे पाहून झाली तरी ते उठेनात. थोड्या वेळाने म्हणाले, "वकीलसाहेब, कागद तर होतील. पण माझी आजी गावाची सुईण होती. अडल्या वेळी तिला रात्रीबेरात्री माजघरापर्यंत नेत, आणि बारावे झाले की तीच बाई ओसरीला शिवली तर विटाळ होई. ते जिणे सुटावे म्हणून आम्ही बुद्धाला शरण गेलो. आता पोरीने पुन्हा तेच करावयाचे काय?"

वाचकहो, हा प्रश्न एका घरापुरता नाही. ज्या घराने नुकतीच त्रिशरणे व बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरात तो आज ना उद्या निघणारच. म्हणून त्याचे उत्तर चारचौघांत देणे अगत्याचे वाटते.

प्रथम आपण सोडले ते काय, हे नीट पाहू. महाराष्ट्रात पुष्कळ गावी सुईणपण मातंग स्त्रियांकडे होते, कोठे महार स्त्रियांकडे. उत्तर हिंदुस्थानात ते चर्मकार स्त्रियांवर लादलेले होते. हे काम त्यांच्याकडे का आले? त्यांचे हात कुशल होते म्हणून नव्हे. रक्त, वार आणि नाळ ह्यांस शास्त्रांनी अमंगळ ठरविले होते, आणि जे अमंगळ ते अस्पृश्यांचे, असा गावगाड्याचा न्याय होता. मोबदला म्हणजे सुपातले धान्य, जुने लुगडे, आणि मुलगी झाली तर त्यातही कपात. नाही म्हणण्याची मुभा नव्हती. थोडक्यात, तो व्यवसाय नव्हता, ती वेठ होती. महारकीच्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने पुढे १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली, त्यामागील तत्त्व हेच होते की मनुष्याचे काम त्याच्या जन्माने ठरू नये.

म्हणजे आपण ज्याचा त्याग केला, ते जन्माने लादलेले काम होय. बाळंतिणीची शुश्रूषा हे काही पाप नव्हे. संविधानाने हा भेद स्पष्ट केला आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस बंदी घातली. अनुच्छेद १९ ने कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला, आणि त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडाने व्यवसायास लागणारी अर्हता ठरविण्याचा अधिकार राज्यास दिला. ह्या तरतुदी एकत्र वाचा. जेथे पूर्वी जात विचारली जाई, तेथे आता अर्हता विचारली जाते. त्या गृहस्थांच्या आजीस गावाने जात पाहून बोलाविले. त्यांच्या कन्येस शासन तिची परीक्षा पाहून नेमील. काम एकच दिसत असले तरी ह्या दोन गोष्टींत गुलाम आणि नागरिक ह्यांच्याइतके अंतर आहे.

धम्माचे सांगणे काय? विनयपिटकातील महावग्गात प्रसंग आहे. अतिसाराने पीडित असलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्यास स्वतः धुतले, उचलून शय्येवर निजविले आणि मग भिक्षुसंघास रुग्णसेवेचे कर्तव्य सांगितले. मज्झिमनिकायातील अंगुलिमालाची कथा आपणांस ठाऊक आहेच. पण तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. भिक्षू झालेल्या अंगुलिमालास भिक्षाटनात एक अडलेली स्त्री दिसली, त्याचे मन कळवळले आणि तो तिच्या सुटकेसाठी पुन्हा तिच्याकडे गेला. श्रीलंकेत गर्भवतीसाठी त्या सुत्ताचे परित्तपठण आजही होते. चमत्काराचा भाग आपण बुद्धिवादी मंडळी बाजूला ठेवू. उरते ते हे, की धम्माच्या दृष्टीने प्रसूतीची वेळ करुणेची आहे, विटाळाची नव्हे. जो बौद्ध आपल्या कन्येस हे काम हलके म्हणून अडवितो, तो अजाणता मनुस्मृतीचीच साक्ष काढीत असतो.

येथवर माझे म्हणणे पुष्कळांना पटेल. परंतु येथेच थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. मुलगी शिकली, नोंदणी झाली, परवाना हाती आला, म्हणजे मानाचे स्थान मिळाले, असा आपला समज असतो. मला तो धोक्याचा वाटतो. परवाना राज्य देते आणि जे राज्य देते ते राज्य काढूनही घेऊ शकते. त्या परवान्याच्या पाठीशी व्यवसायबंधूंचा, येथे व्यवसायभगिनींचा, स्वतःचा संघ नसेल तर काय होते, ह्याचा एक दाखला अमेरिकेच्या इतिहासात आहे. तो आपण मुद्दाम अभ्यासावा. १९४६ साली बाबासाहेबांनी तेथील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस ह्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागविली होती. त्यांच्या आणि आपल्या दुःखाचे गोत्र एक आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, साऊथ कॅरोलायना ह्या कापसाच्या मुलखात गुलामगिरीच्या काळापासून बाळंतपणे कृष्णवर्णीय सुईणीच करीत. मालकिणीचे बाळंतपणही त्याच करीत आणि मळ्यातल्या गुलाम स्त्रीचेही. लोक त्यांना 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, म्हणत. गुलामगिरी गेली तरी रुग्णालयांची दारे कृष्णवर्णीयांस बहुधा बंदच होती, किंवा वेगळ्या वॉर्डाच्या कोपऱ्यापुरती उघडी होती. दहा-दहा मैलांत डॉक्टर नसे. असला तर त्याची फी देणे कुळाच्या आवाक्यात नसे. अशा मुलखात सुईण हाच एक आधार होता.

१९२१ साली शेपर्ड-टाऊनर कायदा झाला आणि माता व अर्भके ह्यांच्या आरोग्यासाठी केंद्राचा पैसा राज्यांकडे आला. १९२९ साली ती योजना बंद पडली, तरी सुईणींचे वर्ग व परवाने पुढे चालूच राहिले. सुईणीने शुभ्र पोशाख घालावा, पिशवीत कात्री, नाळ बांधण्याची फीत व नवजाताच्या डोळ्यांत घालावयाचे औषध ठेवावे, प्रत्येक जन्माची नोंद करावी आणि अवघड प्रसूती डॉक्टरांकडे धाडावी, असे नियम झाले. मिसिसिपीत ठिकठिकाणी सुईणींची मंडळे निघाली. महिन्यातून एकदा चर्चमध्ये वा शाळेत बैठक भरे. आरोग्यखात्याची परिचारिका येई, पिशव्या तपासी, धडा देई.

ह्या मंडळांचे चांगले फळ नाकारू नये. मैलोन् मैल अंतरावर एकेकटीने काम करणाऱ्या स्त्रिया प्रथमच एका छताखाली बसल्या. कोणास कोणती अडचण आली, कोणी कसा मार्ग काढला, हे परस्परांस कळू लागले. लस टोचून घेण्यास वा गरोदरपणी तपासणीस लोकांना दवाखान्यात आणावयाचे तर खात्याच्या फलकापेक्षा सुईणीच्या शब्दाचाच उपयोग होई. साऊथ कॅरोलायनातील मॉड कॅलन ह्या कृष्णवर्णीय परिचारिका-प्रसाविकेने १९२३ पासून एका दुर्गम परगण्यात काम केले, बाळंतपणे केली आणि इतर सुईणींना शिकविले. १९५१ च्या डिसेंबरात 'लाइफ' साप्ताहिकाने तिच्या कार्याची छायाचित्रे छापली, तेव्हा वाचकांनी पाठविलेल्या देणग्यांतून तिचा दवाखाना उभा राहिला. १९४१ साली अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय परिचारिकांना प्रसाविका करणारे विद्यालयही निघाले. परंतु ते १९४६ सालीच बंद झाले.

आता दोष पाहा. मंडळे सुईणींची म्हणावयाची, पण ती होती खात्याची. नियम खात्याचे, तपासणी खात्याची, परवान्याचे नूतनीकरण खात्याच्या मर्जीचे. नियम ठरविणाऱ्या मंडळावर सुईणीस जागा नव्हती. बालमृत्यू व मातामृत्यू ह्यांचा ठपका मात्र तिच्यावर ठेवला जाई. कुळाचे कर्ज, अपुरे अन्न, आणि रंग पाहून लागणारी रुग्णालयाची दारे ह्यांचा हिशेब त्या ठपक्यात धरला जात नसे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर रुग्णालयांची दारे उघडली. ती उघडावयास हवीच होती, आणि कृष्णवर्णीय मातांनी त्या दारातून आत जावे हेही योग्यच होते. प्रश्न असा होता की तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे परवाना घेऊन काम केलेल्या ह्या स्त्रियांचे पुढे काय करावयाचे? पुढचे शिक्षण देऊन त्यांना नव्या व्यवस्थेत घ्यावयाचे, की घरी बसवावयाचे?

अलाबामाने १९७६ च्या कायद्याने उत्तर दिले आणि ह्या जुन्या सुईणींचे परवाने क्रमाक्रमाने संपविले. ग्रीन परगण्यातील मार्गारेट चार्ल्स स्मिथ ह्यांनी १९४९ साली परवाना घेतला होता. त्यांच्या हातून तीन हजारांहून अधिक बालके जन्मली, अशी त्यांची ख्याती आहे. मोबाइल शहरातील ऑनी ली लोगन ह्यांचा परवानाही १९४९ चाच. १९८४ साली खात्याने त्यांस कळविले की नूतनीकरण होणार नाही. आयुष्यभराचे काम एका पत्राने संपले. ह्या दोघींची चरित्रे पुढे पुस्तकरूपाने आली आणि मान मिळाला, परंतु तो परवाना गेल्यानंतर. त्याच अलाबामाने २०१७ साली प्रमाणित प्रसाविकांस परवाना देण्याचा कायदा केला. आजीबाईंच्या त्या पिढीस त्याचा काय उपयोग?

ह्याच्या उलट इंग्लंडकडे पाहा. तेथे सुईणींचा कायदा १९०२ साली झाला. परंतु त्यांची स्वतःची संस्था १८८१ सालीच स्थापन झालेली होती. कायदा व्हावा म्हणून तीच झगडली. त्या कायद्याने कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव व चांगली वर्तणूक असणाऱ्या जुन्या सुईणींचीही नोंद करून घेतली, आणि नोंदणीशिवाय सुईण म्हणवून घेण्यास १९०५ पासून, तर नोंदणीवाचून मोबदल्यासाठी नेहमीचा धंदा करण्यास १९१० पासून बंदी केली. म्हणजे मध्ये सवड ठेवली. इंग्लंडातील सुईणीस डॉक्टरांचा विरोध सोसावा लागला नाही असे नाही. पण १९३६ च्या कायद्याने पगारी सुईणींची व्यवस्था स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाली, आणि ती जुनी संस्था आज 'रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्ह्ज' म्हणून नांदते आहे. अलाबामात परवाना आधी आला आणि स्वतःचा संघ झालाच नाही. इंग्लंडात संघ आधी आला. एका ठिकाणी सुईण संपली, दुसऱ्या ठिकाणी तिचा पेशा झाला. इतरही कारणे असतील, आणि वर्णभेद हे तर फार मोठे कारण. परंतु ज्यांच्यावर भेदाचा वार होतो त्यांनाच संघाची गरज अधिक असते, हे सांगावयास नको.

आता घरी या. आपल्या देशात १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेपासून गावोगावच्या दायांना मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण देण्यात आले, हाती पेटी देण्यात आली. त्यांतील किती स्त्रिया आपल्या समाजाच्या होत्या, हे आपल्या घरातील वृद्धांस विचारा. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या, आणि पेटी कोनाड्यात पडली. प्रसूती रुग्णालयात होणे हिताचेच आहे, ह्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ पर्यंत देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांत होऊ लागल्या. २०१८-२० ह्या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. पूर्वीच्या मानाने ही संख्या पुष्कळ उतरली आहे. ह्या यशाचे वाईट कोणास वाटेल? पण दाईस कोणी विचारले नाही. ती कोणत्याही संघाची सभासद नव्हती, म्हणून तिच्या वतीने कोणी बोललेही नाही. अलाबामाची कथा अशी आपल्याच वाड्यावस्त्यांवर घडून गेली आहे.

तिच्या नातीचेही तसेच व्हावे काय? आज उपकेंद्रातील सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेकडे सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या सोपविण्याचा दंडक आहे. एकटी बाई, रात्रीची हाक, पुढच्या उपकेंद्रापर्यंत कच्चा रस्ता. काहींची नेमणूक कंत्राटी. काही चुकले तर चौकशी तिची. शेजारच्या उपकेंद्रातील भगिनीची आणि तिची भेट वरिष्ठांच्या बैठकीतच व्हावयाची, आणि तेथे बोलावयाचे ते वरिष्ठांनी. ही मिसिसिपीच्या मंडळाचीच दुसरी आवृत्ती झाली.

दुसरीकडे, संधी वाढत आहेत. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका कायद्यान्वये नोंदणी होते. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि शिक्षित परिचारिकांसाठी दीड वर्षाचा विशेष प्रसाविका अभ्यासक्रम आखला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. नियम नव्याने घडण्याचा हा काळ आहे. नियम घडत असता जे बोलत नाहीत, त्यांना ते घडल्यावर पाळावे तेवढे लागतात.

म्हणून आपणांस चार गोष्टी सुचवितो.

पहिली, कन्येस ह्या शिक्षणास अवश्य पाठवा. धर्मांतराने तिची सवलत जाते, ही भीती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेत. सक्षम अधिकाऱ्याचा दाखला वेळेवर काढा; प्रवेशाच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका.

दुसरी, ज्या भगिनी आधीच ह्या व्यवसायात आहेत त्यांनी तालुक्याचा संघ स्थापन करावा. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने संघटनेचे स्वातंत्र्य दिले आहे. शासकीय सेवेतील भगिनींनी सेवानियम पाहून त्याचे स्वरूप ठरवावे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीस सात व्यक्ती पुरतात. एका तालुक्यात सात प्रसाविका नाहीत काय? महिन्यास एक बैठक, एक वही, एक अडचण लेखी, एक मागणी लेखी, एवढ्याने प्रारंभ होतो. बैठक कोणाच्या बोलावण्याने नव्हे, आपल्या ठरावाने भरली पाहिजे, आणि हिशेबाची वही आपल्या हातची असली पाहिजे.

तिसरी, हा संघ एका जातीचा वा एका धर्माचा असू नये. प्रसूतीच्या खोलीत आदिवासी, मराठा, मुसलमान, बौद्ध अशा सर्व घरच्या भगिनी एकाच पाळीत उभ्या राहतात. भगवंतांच्या संघात उपाली न्हावी आणि शाक्यकुलातील राजपुत्र एकाच पंक्तीस बसले, आणि उपालीस आधी दीक्षा मिळून राजपुत्रांनी त्यास वंदन केले, ही कथा आपण मुलांस सांगतो. ती व्यवहारात आणण्याची ही जागा आहे. महाराष्ट्रातील आशा सेविकांनी २०२३ च्या अखेरीस राज्यव्यापी संप केला आणि २०२४ साली मानधनवाढीचा शासननिर्णय निघाला. त्या एकजुटीत जात विचारली गेली असती तर निर्णय निघाला असता काय?

चौथी गोष्ट पुरुषांस उद्देशून आहे. रात्रपाळीवरून आलेल्या पत्नीस वा सुनेस घरात पाणी देण्यापूर्वी "आधी अंघोळ कर" असे आपण म्हणतो, ते जंतूंच्या भयाने की विटाळाच्या? जंतूंसाठी साबण पुरतो. दुसरा रोग मनातला आहे. आणि महिन्याच्या बैठकीस ती निघाली म्हणजे चूल कोण पेटविणार, हा प्रश्नही घरच्या पुरुषाने स्वतःपुरता सोडवावा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामकरी स्त्रीच्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहणारे आपले बाबासाहेब होते. १९२९ साली त्याचा कायदा झाला. प्रसूतीचा प्रश्न त्यांनी बायकांचा म्हणून बाजूस टाकला नाही. त्यांच्या अनुयायांनी तो टाकू नये.

त्या गृहस्थांस मी म्हणालो, "आपल्या आजीने जे केले ते पुन्हा करावयाचे नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. आजीस कोणी शिकविले नाही, कोणी पगार दिला नाही, तिची नोंद कोठे झाली नाही, आणि तिच्यासाठी बोलणारे कोणी नव्हते. ह्यातले पहिले तीन शिक्षण आणि कायदा देतील. चौथे मात्र मुलीने आपल्या सोबतिणींबरोबर उभे करावयाचे आहे. तेवढे तिला आताच सांगून ठेवा." ते उठले आणि दाखल्याचा अर्ज भरून घेऊन गेले.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण सभेत म्हणतो. पहिल्या शब्दावरच थांबलेल्या घरात परवाना भिंतीवर टांगलेला राहतो. तो भिंतीवर टांगू नका. तो घेऊन तालुक्याच्या बैठकीस जा.

जय भीम.